घोटलेली माती

भाजी तिखट झाली असं माझा नवरा पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा मला वाटलं, गंमत करताहेत. सावजी खानावळीत गेले की रश्श्यावर वरून तर्री मागून घेणारा हा माणूस. त्या दिवशी ताटात साधी आलू-वांग्याची भाजी होती. त्यांनी एक घास खाल्ला, पाणी प्यायले आणि दही मागितलं. दुसऱ्या दिवशीही दही. मग माझ्या फोडणीतली मिरची कमी होत गेली आणि शेवटी बंदच झाली. तरीसुद्धा जेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं पाणीपुरीच्या गाडीवर उभे होतो. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. हे नुसत्या गोड पाण्याची पुरी मोडून अर्धी अर्धी खात होते आणि पाणी शर्टावर सांडत होतं.

"पप्पा, अख्खी टाका ना तोंडात!" मुलगी हसून म्हणाली.

तेही हसले, पण ओठ मिटून. घरी आल्यावर मी त्यांना उजेडात उभं केलं आणि म्हटलं, "तोंड उघडा पाहू." अर्धंच उघडलं. मला वाटलं, ते मुद्दाम उघडत नाहीत.

"एवढंच उघडते," ते म्हणाले. "अक्कलदाढ असन."

दहावीत असल्यापासून ते खर्रा खायचे. आमच्याकडे खर्रा काय असतो हे कुणाला सांगावं लागत नाही. सुपारीचे बारीक तुकडे, तंबाखू आणि ओला चुना प्लास्टिकच्या एका पन्नीत घ्यायचा, ती पन्नी तळहातावर ठेवायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने घोटत राहायचं. नीट घोटला तरच तो लागतो, असं सगळे म्हणतात. यांचं मोटर वायंडिंगचं आणि कूलरचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. शेजारी त्यांच्या दोस्ताचं सायकलचं दुकान. सकाळचा खर्रा दोस्त घोटायचा, दुपारचा हे. दोघांमध्ये एक पन्नी आणि दिवसभर गप्पा. हे इतके बोलके होते, की पंप दुरुस्त झाला तरी गिऱ्हाईक उठायचं नाही.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने बॅटरी लावून आत पाहिलं आणि बोटाने गाल आतून चाचपला. मग तिने विचारलं, "घरी कुणी कधी टोकलं नाही?"

"ही रोज टोकते," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले. "तिची काही चूक नाही मॅडम."

त्यांना वाटलं, ती मला रागावते आहे.

मी त्या वेळी पॉलिमर क्लेच्या वस्तू करत होते. आम्ही घरात तिला माती म्हणतो, पण ती माती नाहीच. ते एक तऱ्हेचं प्लास्टिक असतं, रंगीत, साबणाच्या वडीसारखं पाकिटात येतं. आधी ते मऊ होईपर्यंत मळायचं, मग हवा तो आकार द्यायचा आणि छोट्या ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजायचं, की कडक होतं. मुलीने कॉलेजच्या प्रदर्शनासाठी आणलं होतं. उरलेलं कपाटात पडलं होतं, म्हणून मी एकदा विहारासमोरच्या पिंपळाचं पान त्यावर दाबून पाहिलं. पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटल्या. त्या पानांना मी मागे चुंबक लावलं, आणि ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांच्या ओळीत एका कोपऱ्यात चादर टाकून बसले. लोकांनी ती घेतली.

मग मला फांदीची कल्पना सुचली. एक वाळकी फांदी, तिच्यावर मातीची पाखरं, आणि प्रत्येक पाखरू म्हणजे घरातलं एक माणूस. लोक फोनवर सांगत, आजीला चष्मा आहे, मामा पोट सुटलेला आहे, धाकटी सारखी तोंड फुगवून बसते. मी तसं पाखरू करायची. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, नव्या घराच्या भिंतीवर लावायला लोक ते मागवू लागले. मुलगी फोटो काढून इंटरनेटवर टाकायची. हे दुकानातून आले की फांद्यांकडे बघून म्हणायचे, "तू तं पूर्ण नागपूर झाडावर बसवून राहिली वं."

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला, जिभेचा एक भाग काढला. तिथे छातीचं मांस आणि कातडी फिरवून बसवली. हे सगळं आम्हाला आधी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. पण एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. छातीच्या कातडीवर केस असतात आणि ते तोंडातही वाढतात. काही महिन्यांनी ते आरशासमोर उभे राहून बोटाने आत चाचपत होते. मी जवळ गेले. ते काहीतरी म्हणाले. मला समजलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश.

"तोंडात दाढी आली."

आणि ते हसले. त्यांच्या आताच्या चेहऱ्यावर ते हसू कसं दिसतं हे त्यांना आरशात दिसलं, तेव्हा ते थांबले.

त्यांचं बोलणं फक्त मला समजायचं. इथे मी त्यांची वाक्यं लिहिते आहे ती मला समजली तशी. ऐकणाऱ्याला ती तशी ऐकू येत नसत. मुलीला पुण्यात नोकरी लागली होती. ती फोनवर "काय म्हणालात पप्पा? पुन्हा बोला ना," म्हणायची, आणि एकदा तिला रडू आलं. त्यानंतर ते फोनवर तिच्याशी बोलले नाहीत. तिचा फोन आला की माझ्याकडे द्यायचे आणि शेजारी बसून ऐकायचे.

जेवण नळीने, नाकातून. पुढे नळी निघाली, पण वरणाचं पाणी, पेज, गाळलेलं सूप, एवढंच. दुकान चालवायला दुसऱ्याला दिलं. ते दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे. त्यांचा डावा तळहात वर उघडा असायचा आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्यावर फिरत राहायचा. हातात काही नसायचं. त्यांना ते कळतही नसावं.

हिवाळा आला. थंडीत ही माती दगडासारखी होते. माझे अंगठे दुखत होते आणि ऑर्डर साचल्या होत्या. एक दिवस मी त्यांच्या मांडीवर एक निळी वडी ठेवली आणि म्हटलं, "अजी, एवढी मऊ करून द्या."

त्यांनी वडीचे तुकडे केले. इकडेतिकडे पाहिलं, स्वयंपाकघरातून एक पन्नी आणली, तुकडे तिच्यात घातले, पन्नी तळहातावर ठेवली आणि अंगठ्याने घोटायला सुरुवात केली. मी म्हणणार होते, असं नको, पोळीच्या कणकेसारखं मळा. पण त्यांचे खांदे खाली आले होते, आणि खूप दिवसांनी तो माणूस काहीतरी काम करत होता. मी पुढची वडी काढून त्यांच्याजवळ ठेवली. माती इतकी मऊ झाली, की मला तिच्यातून केसाएवढी बारीक पिसं ओढता आली.

तेव्हापासून माती तेच घोटायचे. पाखरांचे पाय मी आधी फुलं करायच्या बारीक तारेचे करायची, ते वाकायचे. त्यांनी दुकानातून वायंडिंगची तांब्याची तार आणून त्याचे पाय वळले. बोटं, नखं, मागचं बोट, सगळं. मग एक दिवस त्यांनी पाखरूच केलं. त्यांचं लहानपण रामटेककडच्या एका खेड्यात धानाच्या बांध्यांवर गेलं होतं. पाणकोंबडी कशी चालते, खंड्या बसताना मान कशी आत ओढतो, हे त्यांना ठाऊक होतं. माझी पाखरं माणसांसारखी असायची. त्यांची पाखरं पाखरांसारखी असायची. गिऱ्हाइकांना माझीच आवडायची, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

फक्त एक गोष्ट होती. त्यांच्या प्रत्येक पाखराची चोच उघडी असायची, वाजवीपेक्षा जास्त.

"एवढी काहून उघडली चोच?" मी विचारलं.

"भूक लागली हाय त्याले," ते म्हणाले.

मी गॅसवरची पेज बघायला आत गेले.

थंडी ओसरत होती तेव्हा एका बाईंची ऑर्डर आली. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. घरातले सगळे उंच आणि सडपातळ, म्हणून सगळे बगळे करा, असं त्या म्हणाल्या. पांढरा रंग सगळ्यात कठीण. पांढरी माती हवेतलं सगळं पकडते. कपड्याचा धागा, पोळीचं पीठ, डोक्याचा केस. म्हणून ती हाताळण्याआधी हात साबणाने धुवायचे, नखं पुसायची, पंखा बंद करायचा. हे मी त्यांना शिकवलं होतं आणि ते सगळं पाळायचे.

तिसऱ्या बगळ्याची मान लाटताना मला तिच्यात एक तपकिरी कण दिसला. खिडकीबाहेर कडुनिंबाची पानगळ चालू होती. मला वाटलं, पानाचा तुकडा असेल. सुईने काढला. मग दुसरा दिसला, तिसरा. वडी मधोमध कापली तर आतही होते. कण कडक होता, एका बाजूने चमकत होता. मी तो बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावला. तुरट लागला आणि मागाहून चुन्याची चुणचुण आली.

ते खिडकीजवळ बसले होते. मी सुई त्यांच्यासमोर धरली.

"अजी, हे काय आहे?"

त्यांनी पाहिलं आणि घोटत राहिले. "धूळ असन."

"धुळीले चुना लागते का?"

त्यांचा अंगठा थांबला.

"फक्त घोटतो," ते म्हणाले. "वास घेतो अन् फेकून देतो."

"मंग मातीत कसा आला?"

"एकाच पन्नीत घोटलो असन."

"तोंड दाखवा."

त्यांनी मान वळवली. मी तशीच उभी राहिले. ते म्हणाले, "थोडासा ठेवतो गालात. चावत नाही. चावाले दात कुठं हाय मले?"

"काहून?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. बोलायला त्यांना कष्ट पडत होते म्हणून नव्हे. ते खरोखर विचार करत होते.

"तू पेज देते, सूप देते. चांगलंच देते. पण मले त्याची चवच लागत नाही. पाणी गिळल्यासारखं वाटते. या एकाच गोष्टीची चव येऊन राहिली तोंडाले. आणखी कशाचीच येत नाही."

मी टेबलाजवळ गेले. तयार झालेले दोन बगळे आणि उरलेली सगळी माती मुठीत दाबून एक गोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"फेकून काहून राहिली?" ते मागून म्हणाले. "काळा रंग मिसळव. कावळे होतीन."

ही त्यांची जुनी रीत. भांडण निघालं की एक वाक्य असं टाकायचं, की समोरच्याला हसू यावं. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मी चपला घालून तडक त्यांच्या दोस्ताच्या दुकानात गेले. तो एका सायकलचं चाक मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या तळहातावर पन्नी होती.

"भाऊजी, त्यायले खर्रा कोण देते?"

तो उठून उभा राहिला. पन्नी खिशात टाकली. "बसा ना वयनी."

"मी विचारून राहिले."

"वयनी, तो रोज दुपारी चालत येते इथं. फिराले जातो म्हणून निघते ना घरून? इथंच येते. बसते. बोलता तं येत नाही त्याले. मी घोटतो अन् तो माया हाताकडे पाह्यते. आता तुमीच सांगा, त्याच्यासमोर मी एकटा कसा खाऊ?"

"मंग तुमीही नका खाऊ."

मी काहीतरी लहान मुलासारखं बोलले असावे, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचे दात खालून काळे झाले होते. आमच्या लग्नात हाच नवरदेवाच्या मागे उभा होता, पांढरेशुभ्र दात काढून हसत. मला एकदम भीती वाटली.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

"अवं वयनी..."

"उघडा म्हणते मी. तीन बोटं उभी घाला आत." डॉक्टरने मला ही रीत शिकवली होती. धडधाकट माणसाच्या दातांमध्ये स्वतःची तीन बोटं उभी मावतात.

त्याने हसत हसत बोटं पुसली आणि तोंडाजवळ नेली. एक बोट गेलं. दुसरं अर्ध्यात अडकलं. त्याने जोर करून पाहिला.

"बोटं जाड हाय माये," तो म्हणाला. पण तो आता हसत नव्हता.

"दवाखान्यात जा भाऊजी. उद्याच जा."

"पाह्यतो."

त्यानंतर हे दुपारी फिरायला गेले नाहीत. की गेलो नाही असं नुसतं मला सांगत, कोण जाणे. मी त्यांच्या शर्टाचा खिसा हुंगायची, उशीची खोळ हुंगायची. त्यांना ते कळत होतं. एकदा त्यांनी स्वतःहून धुवायचा शर्ट माझ्या हातात दिला आणि नाकाकडे बोट केलं, घे, हुंग. आम्ही दोघं त्या दिवशी हसलो. बगळ्यांची ऑर्डर मी नवी माती आणून पूर्ण केली. ती मी एकटीनेच मळली. पुढच्या ऑर्डरला ते नवी कोरी पन्नी घेऊन आले, माझ्यासमोर झटकून दाखवली आणि घोटायला बसले.

त्यांची दाढी मीच करून द्यायची, कारण चेहऱ्याची एक बाजू बधिर होती आणि त्यांना कापल्याचं कळायचं नाही. होळीच्या आसपास दाढी करताना माझ्या बोटांना त्यांच्या मानेत एक गाठ लागली. चिंचोक्याएवढी, हलवली तर न हलणारी. मी साबण पुसला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा हात तिथे गेला.

डॉक्टर या वेळी आमच्याशी बसून बोलली. पुन्हा ऑपरेशन करण्यात अर्थ नव्हता. दुखणं कमी राहील एवढं बघता येईल, ती म्हणाली.

मी विचारलं, "खर्ऱ्यामुळे परत आलं का?"

"तो न खाताही आलं असतं कदाचित," ती म्हणाली. "आता त्या विचारात पडू नका."

बाहेर ऑटोची वाट बघताना ते म्हणाले, "पाह्य, मॅडम म्हणाली, माया दोष नाही."

"कदाचित म्हणाल्या त्या."

"तुले बरोबर तेच ऐकू येते."

ऑटो आला. मी त्यांना आत बसवलं आणि सगळ्या रस्त्याने आम्ही एकमेकांचा हात धरून होतो, जसे आम्ही लग्नानंतरही कधी चारचौघांत बसलो नव्हतो.

मे महिन्यात आमच्याकडे ही माती लोण्यासारखी होते. बोट लावलं की ठसा उमटतो, आकार टिकत नाही. म्हणून वड्या फ्रीजमध्ये ठेवाव्या लागतात. त्या उन्हाळ्यात फ्रीजच्या एका कप्प्यात माती, दुसऱ्यात त्यांचं औषध आणि गाळलेलं जेवण. मानेवरची जखम उघडी पडली होती. तिची पट्टी मी दिवसातून अनेकदा बदलायची. वास येत होता. कूलर लावला की तो घरभर फिरायचा, बंद केला की ते घामाने भिजायचे. पाहुणे यायचे, दारातच थोडा वेळ थांबायचे आणि जायचे. मी कुणाला दोष देत नाही. मी पट्टी बदलून हात धुवायची आणि पुन्हा टेबलाशी बसून कुणाच्या तरी आजीला चष्मा लावायची. काम थांबवून चालणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तेवढा वेळ मला बरं वाटायचं. त्या फांद्यांवर सगळी धडधाकट घरं असायची.

माती घोटण्याची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. मी पाखरू करून त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते बघायचे आणि चूक असली तर तिथे बोट टेकवायचे. शेपटी लांब झाली. पोट फार खाली आलं.

मुलगी सुट्टी टाकून आली. तिच्या मनात होतं, पप्पांच्या अंगठ्याचा ठसा मातीत घ्यायचा आणि त्याचं लॉकेट करायचं. पुण्यात तिच्या मैत्रिणीने वडिलांचं तसं केलं होतं. तिने पांढरी चकती लाटली आणि त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी अंगठा मुठीत लपवला आणि ते काहीतरी बोलले.

"काय म्हणतात?" तिने मला विचारलं.

"म्हणतात, मी का अंगठाछाप हाय?"

ती हसली आणि तिला रडूही आलं. ते तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी सुई मागितली. तिने चकती पाटावर ठेवून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी सुईने त्या चकतीवर सही केली. दुकानातल्या गॅरंटी कार्डांवर करायचे तीच, शेवटी एक लांब रेघ. ती रेघ पूर्ण ओढली. खाली दोन टिंबं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती चकती ओव्हनमध्ये ठेवली. थोड्याच वेळात मुलीची हाक आली. त्यांच्या मानेतून रक्त येत होतं. थेंब थेंब नाही. मी टॉवेल दाबला, मग चादर. डॉक्टरने आम्हाला सांगून ठेवलं होतं, की असं होऊ शकतं. सांगून ठेवल्याने काही होत नाही. शेजारच्या मुलांनी त्यांना खाली उतरवलं, गाडीत घातलं. ते शुद्धीवर होते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा मुलीकडे पाहिलं. दवाखान्याच्या फाटकातून आत वळलो तेव्हा माझ्या हातातला त्यांचा हात जड झाला होता.

आम्ही त्यांना घरी घेऊन आलो तेव्हा जिन्यातच जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. शेजारच्या बाईने ओव्हन बंद करून खिडक्या उघडल्या होत्या. ओव्हनचं मला भान राहिलं नव्हतं, आणि त्याचं बटण फार दिवसांपासून नीट चालत नव्हतं. मुलीने दार उघडलं. चकती काळी पडली होती, तिच्यावर फोड आले होते, सही कुठे होती तेही समजत नव्हतं.

लोक येऊन बसले होते. पांढऱ्या साड्या, खाली घातलेल्या सतरंज्या, उदबत्ती. मी मुलीला हळूच म्हटलं, "दुकानात कार्डं असतील. त्यांच्यावर सही आहे."

"ती गिऱ्हाइकांसाठी केलेली आहे," ती म्हणाली. "ही माझ्यासाठी केली होती."

ती चकती तिने ओढणीच्या टोकात गुंडाळली आणि दिवसभर मुठीत धरून बसली. नंतर तिचं काय केलं, मी विचारलं नाही.

विहारात त्यांच्या नावाने झालेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला त्यांचा दोस्त आला होता. सगळ्यात मागे, दाराजवळ बसला होता. वंदना चालू असताना तो रडत होता, आणि त्याच्या एका गालात काहीतरी दाबलेलं मला माझ्या जागेवरून दिसत होतं.

पावसाळाभर मी मातीला हात लावला नाही. मुलीने परत जाण्याआधी मला माती लाटायचं एक यंत्र आणून दिलं होतं. हँडल फिरवलं की दोन रुळांतून माती निघते, तेवढ्यात ती मळूनही होते. त्याने अंगठे दुखत नाहीत. ऑक्टोबर जवळ आला तशी मी पिंपळाची पानं करायला बसले, कारण त्यांना फारसं डोकं लागत नाही. मग एक फांदीची ऑर्डर आली, ती घेतली. मग दुसरी. तांब्याचे पाय मला जमत नाहीत. मी पाखरं बसलेलीच करते, पाय पोटाखाली झाकून. गिऱ्हाइकांच्या ते लक्षातही येत नाही. त्यांनी केलेली पाखरं मी विकली नाहीत. ती एका डब्यात कापसात ठेवली आहेत. डबा उघडावासा वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात दोस्ताची बायको माझ्या दारात आली. तिने तोंडाला पदर लावला होता.

"ताई, त्यायचं तोंडच उघडत नाही जी. गालाले आतून जखम हाय. तुमी दवाखाना पाह्यला हाय, म्हणून आली."

मी तिच्यासोबत गेले. तोच मजला, तेच बाक. बॅटरी लावून पाहणारी डॉक्टर दुसरी होती. ऑपरेशन झालं. मी अधूनमधून त्यांच्या घरी जाते. त्याला अजून नाकातून नळी आहे. तो माझ्या नजरेला नजर देत नाही.

मागच्या आठवड्यात मी कुरियरला द्यायची पार्सलं घेऊन निघाले होते, वाटेत दोस्ताच्या घरी डोकावले. त्याची बायको स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये वरण फिरवत होती. नळी सकाळपासून दोनदा चोंदली होती. ती रडकुंडीला आली होती.

"गाळून घे वं," मी म्हटलं. "पातळ फडक्यातून. डाळीचं साल राहिलं की चोंदते."

मी फडकं धरलं, तिने ओतलं. मग नळीला सिरिंज कशी लावायची, किती उंच धरायची, मध्ये पाणी कधी सोडायचं, ते तिला दाखवलं. तो भिंतीकडे बघत बसला होता. वरण खाली उतरत गेलं.

कुरियरचं ऑफिस बंद व्हायची वेळ झाली होती. मी पिशवी उचलली.

"ताई," ती म्हणाली, "आता पुढचं मी एकटीनं देऊन पाह्यते. तेवढं थांबता का?"

मी पिशवी खाली ठेवली आणि थांबले.